बुधवार नको

डॉक्टर बीकमनबाईंनी डायरी उघडली,
विचारलं, बुधवारी सकाळी चालेल?
बाबांचे आता डोळे उरले होते आणि उजवा अंगठा.
अंगठ्यानं ते पाटीवरची अक्षरं दाखवत,
गाळातून शिंपले वेचावेत तशी, एकेक:
बु-ध-वा-र न-को.

मला वाटलं, घाबरले.
डॉक्टरांनाही वाटलं असावं, त्यांनी पेनाला टोपण लावलं.
पण अंगठा अजून सरकत होता:
पि-कां-ची प्रा-र्थ-ना. ता-ई च-र्च-ला.

मार्चमधला दुसरा बुधवार.
यर्सेकेत त्या दिवशी होड्या धक्क्याला,
काळ्या टोप्या घातलेल्या बायका चालत निघतात
पेरणीसाठी, जाळ्यांसाठी मागायला.
चाळीस वर्षं झाली
बाबांनी त्या दाराला हात लावला नव्हता.
आणि मरणाची तारीख ठरवताना
त्यांना चर्चचं वेळापत्रक आठवलं.

मग गुरुवार ठरला.

आमच्या आजोबांनी होडीचा विमा काढला नाही.
देव वादळ पाठवणार असेल तर
आपण आधीच हात पसरून का बसावं, म्हणायचे.
पीटरनेला आत्यानं पोरांना लस टोचू दिली नाही.
तिचा मरीनस अजून डावा पाय ओढत चालतो.
त्याच माणसांनी, त्रेपन्न साली समुद्र गावात शिरल्यावर,
बांध दुप्पट उंच केला.
हे मी आत्याला एकदा ऐकवलं.
ती म्हणाली, बांध जगण्यासाठी असतो.
मला उत्तर सुचलं ते रात्री,
आणि तेही धड नव्हतं.

जीव ही ठेव आहे, ती म्हणाली.
ज्याची ठेव तो येईल न्यायला.
आपण त्याच्या दारात नेऊन टाकायची नसते.

हे बोलताना ती बाबांच्या घशातला कफ
नळीनं ओढून काढत होती.
अकरा महिने. रात्री तीनला कूस बदलणं, पाठ पुसणं.
मी रॉटरडॅमहून शनिवारी यायचे, ट्युलिप घेऊन.

पाळक येऊन गेले. बसले नाहीत.
टोपी हातात फिरवत राहिले, चहा निवला.
त्या रात्री मी बाबांना विचारलं, भीती वाटते?
श्वा-सा-ची. ग-ळा आ-व-ळ-तो त्या-ची.
आणि बऱ्याच वेळानं:
न-र-का-ची-ही. थो-डी. स-व-यी-नं.
आम्ही हसलो. त्यांचं हसणं
फक्त डोळ्यांच्या कडांना होतं.

गुरुवारी आत्या सहाला आली.
कोट न काढता पाणी तापवलं,
वस्तरा चामड्यावर घासला.
हे पाप आहे, क्राइन, ती म्हणाली, साबण फासत.
हनुवटी वर कर.
आणि स्वतःच दोन बोटांनी वर केली.
गाल, ओठावरची खाच, कानामागचे केस.
नखंसुद्धा कापली, उजव्या अंगठ्याचं सगळ्यात जपून.
मी थांबणार नाही, म्हणाली.
टॉवेल घडी घालून निघाली.

दहा वाजता डॉक्टर आल्या.
त्याबद्दल मी लिहिणार नाही.
एवढंच की खिडकी उघडी ठेवायला बाबांनी सांगितलं होतं,
आणि ओहोटीचा वास येत होता.

आत्या बांधावर होती, घराकडे पाठ करून.
वाऱ्यानं टोपी उडू नये म्हणून एक हात डोक्यावर.
मी जवळ गेले.
तिनं विचारलं, किती वाजता?

संध्याकाळी तिनं पितळी कडीचं शास्त्र उघडलं.
पहिल्या कोऱ्या पानांवर सहा पिढ्यांची नावं.
जन्माच्या रकान्यात तारखा,
मरणाच्या रकान्यात तारीख आणि पुढे प्रत्येकाला तेच:
देवानं नेला. देवानं नेली.
पुरात गेलेल्या चार वर्षांच्या लेनालाही तेच.

तिनं क्राइनची तारीख लिहिली.
मग पेन थांबलं.
स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा आवाज मी मोजत होते.
एका शब्दाएवढी जागा तिनं कोरी सोडली,
आणि पुढे लिहिलं,
गेला.

शाई वाळेपर्यंत
वही मिटली नाही.